टिटवीशेजारचे खोपट

गावात उंदीर मरू लागले तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. आधी देवळामागच्या गल्लीत, मग पाटलाच्या धान्याच्या बळदात, मग घरोघर. उंदीर भर दिवसा अंगणात येत, जागच्या जागी गिरकी घेत आणि पडत. मांजरे त्यांना तोंड लावत नव्हती. त्याच आठवड्यात तेल्याच्या घरातली एक बाई तापाने पडली. तिच्या जांघेत गाठ आली आणि ती गेली. त्यानंतर गावाला काही सांगावे लागले नाही. लोकांनी धान्य, भांडी आणि जनावरे बाहेर काढली, घरांना कड्या घातल्या आणि गाव माळावर आले.

आमचे गाव गेवराईहून गोदावरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होते. गावाच्या उत्तरेला एक जुने तळे होते, दगडी पाळीचे. फाल्गुनात त्याचे पाणी मागे सरे आणि काठाने चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडे. तळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. तिथे कडब्याची आणि तुराट्यांची खोपटी उभी राहिली. आमचे खळे उरकायचे होते म्हणून आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. मधल्या जागा गेल्या होत्या. तळ्याच्या बाजूचे टोक तेवढे रिकामे होते. वडिलांनी तिथेच मेढी रोवल्या.

मेढी रोवताना जवळून एक पक्षी ओरडत पळाला. आम्ही तिकडे लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याला निघाली आणि खोपटापासून दहा-पंधरा पावलांवर एकदम थांबली. तिच्या पायाशी चार अंडी होती. आणखी एक पाऊल पडले असते तर ती फुटली असती.

घरटे म्हणावे असे तिथे काही नव्हते. मुरमात एक उथळ खळगी, भोवती बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. अंडी मातकट रंगाची, त्यांवर काळे डाग. चारही अंड्यांची निमुळती टोके आत, एकमेकांकडे वळलेली. नजर हलवली की ती खड्यांत हरवत आणि पुन्हा शोधावी लागत. टिटवी लांब उभी राहून ओरडत होती. पाठ तांबूस तपकिरी, डोके आणि छाती काळी, पोट पांढरे, डोळ्यांपुढे तांबड्या कातडीची घडी, पाय पिवळे आणि उंच. चिखलात चालून किडे टिपणारा हा पक्षी अंडी मात्र कोरड्यावर घालतो. ही जागा तिने आमच्या आधी धरली होती. तिच्या जागेवर आम्ही येऊन बसलो होतो.

बातमी माळभर पसरली आणि बाप्पा आले. बाप्पा म्हणजे गावातले सर्वांत वडीलधारे शेतकरी. दर उन्हाळ्यात टिटवीची अंडी शोधून पाऊसपाण्याचा अंदाज सांगणे हे त्यांचे काम. बाकीच्या वर्षी त्यांना त्यासाठी तळ्याचा पेटा, म्हणजे पाणी ओसरलेली तळजमीन, पालथा घालावा लागे. या वर्षी ते आमच्या दाराशी आले. गुडघे धरून वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"चार हायेत," ते म्हणाले. "चार महिने पाऊस. टोकं खाली रुतल्यात, म्हंजी जोराचा. अन् पेट्यात न्हाई घातली, वर माळावर घातली. तळं भरतंय बघा औंदा."

त्या माळावर पहिल्यांदाच लोक हसले. एकाने बाप्पांना विचारले, "टिटवी पाय वर करून झोपती, आभाळ पडू नये म्हणून. तुमी कावून तसं झोपत न्हाई, बाप्पा? तेवढाच आमाला आधार."

"मी तसा झोपलो की तू मला वढ्यापल्याड नेऊन टाकशील," बाप्पा म्हणाले.

त्यावर पुन्हा हसणे झाले, पण लवकर थांबले. बाप्पांनी बाभळीचे काटे आणून अंड्यांभोवती कुंपण घातले आणि पक्ष्याला जायला एक फट ठेवली. जाताना ते वडिलांना म्हणाले, "अण्णा, ही आता तुमच्या हवाली. हिला धक्का लागला तर साऱ्या गावाचं पाणी तुमी अडवलं असं व्हईल."

टिटवीबद्दल गावात दुसरीही एक समजूत होती. ती त्या दिवशी कोणी बोलले नाही, पण सर्वांना ठाऊक होती. टिटवी ज्या घरावर ओरडत फिरते त्या घरातले माणूस जाते. गावात असताना ती क्वचित घरावरून जाई. इथे ती आमच्या खोपटाच्या दारातच होती आणि दिवसभर ओरडत होती.

बाप्पा ज्या ओढ्याबद्दल बोलले तो तळ्याच्या पलीकडे होता, कोरडा. ज्याला ताप येईल त्याला ओढ्यापलीकडच्या खोपटात अलग ठेवायचे, असे पंचांनी ठरवले होते. तहसिलीतून आलेला हुकूमही तसाच होता. पाटलाने तो वाचून घेतला होता आणि शब्द न् शब्द पाळायचा असे त्याच्या मनात होते. गेवराईहून जवान येऊन तपासणी करतील, अशी अफवा रोज उठे. आजाऱ्याबरोबर घरातले एक माणूस जाई. आजारी बाई असेल तर सोबत गावच्या सुइणीनेही जायचे, असा पंचांचा निर्णय होता. सुइणीला कोणी विचारले नव्हते. ओढ्याच्या काठावर एक चपटा दगड होता. त्याच्यावर भाकरी आणि पाणी ठेवून लांबून हाक मारायची आणि परत फिरायचे.

पहिला गेला तो सुताराचा धाकटा भाऊ. बरोबर त्याची आई गेली. सुरुवातीला ती दगडाशी येऊन भाकरी नेत असे. मग एका सकाळी आदल्या दिवसाची भाकरी दगडावर तशीच होती आणि कावळे ती ओढत होते. संध्याकाळपर्यंत कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी चौघे जण तोंडाला फडकी बांधून गेले आणि त्यांनी लांबूनच खोपटाला आग लावली. आत दोघेही मेलेले होते असे ते म्हणाले. ते किती जवळून पाहून म्हणाले हे मला माहीत नाही. कडब्याचा धूर माळावर आला तेव्हा कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या बायकोला ताप भरला.

आमच्या लग्नाला तेव्हा दुसरे वर्ष चालू होते. तिला पाचवा महिना होता. दुपारी तिला थंडी वाजू लागली. आईने दोन घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तापले, इतके की हात ठेववेना. आईने खोपटाचे दार लावून घेतले. दार म्हणजे तुराट्यांचा एक झाप. तिने सुनेच्या काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या, कानांमागे बोटे फिरवली. गाठ नव्हती.

"आज न्हाई," आई म्हणाली. उद्याचे ती काही बोलली नाही.

वडिलांनी एवढेच सांगितले की ही गोष्ट या झापाबाहेर जायची नाही. ओढ्यापलीकडे पाठवलेले कोणी परत आले नव्हते. ताप गाठीचा नसला तरी त्या खोपटात, गाठीच्या माणसांनी सोडलेल्या जमिनीवर, तो गाठीचा व्हायला वेळ लागणार नव्हता.

खोपटात माणूस लपवणे अवघड नव्हते. तिला बाहेर नेणे अवघड होते. तापाच्या माणसाला दिवसातून अनेकदा बाहेर जावे लागते. माळाच्या बाजूला सगळी खोपटी होती. आडोसा होता तो तळ्याच्या पाळीचा, आणि पाळीकडे जायची वाट अंड्यांजवळून होती. तिला आधार देऊन आई बाहेर पडली की टिटवी उठे. आधी अंड्यांवरून खाली मान घालून थोडी लांब पळे, मग एकदम उडून ओरडायला लागे. जोडीदार तळ्यावरून येई. दोघे मिळून डोक्यावरून झेपा घेत. त्या ओरडण्याने साऱ्या माळाला कळे की टोकाच्या खोपटातून कोणीतरी बाहेर पडले, आणि परत गेले, आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर पडले.

आमच्या शेताला लागून ज्याचे शेत होते तो माणूस दुसऱ्याच दिवशी तंबाखू मागायच्या निमित्ताने आला. तो बाहेर उकिडवा बसला. त्याची नजर झापावर होती.

"काय बे," तो मला म्हणाला, "तुमच्या टिटवीला झोप न्हाई का? भर दुपारच्या पारी कावून कोकलती?"

"कुत्रं गेलतं तिकडून," मी म्हणालो.

"कुत्र्याला लुगडं नेसवलं व्हतं का?"

तो हसला, तंबाखू मळली, दाढेत धरली आणि उठला. "आमचं काय न्हाई," तो म्हणाला, "पर बाया बोलाय लागल्यात. सांभाळा."

त्या रात्री वडील म्हणाले, अंडी उचलून तळ्यात टाकू. कोल्ह्याने नेली म्हणून सांगू. आई एकदम कडाडली, पण आवाज वर चढू न देता.

"पोटुशी बाई घरात हाय अन् तुमी अंडी फोडाय निघालात? त्या आईचा तळतळाट कुणाला लागंल?"

वडील कुशीवर वळून आडवे झाले. मला त्या तळतळाटापेक्षा बाप्पांची भीती वाटत होती. ते रोज सकाळी काठी टेकत अंडी बघायला येत. अंडी गेली तर सारा गाव आमच्या दारात उभा राहिला असता. अंडी राहिली तर टिटवी ओरडणार होती. दोन्हींकडून लोकांची पावले आमच्याच खोपटाकडे येत होती.

मला दुसरे काम नव्हते. मी झापाच्या फटीतून टिटवीकडे पाहू लागलो. त्या दिवसांत जे पाहिले ते मला अजून नीट सांगता येते, कारण त्यावर घरातल्या एका जिवाचे काय होणार हे अवलंबून होते.

नर आणि मादी दोघेही अंड्यांवर बसत. दिसायला दोघे सारखे, त्यामुळे कोणते कोण हे मला शेवटपर्यंत कळले नाही. बदली होताना येणारा पक्षी उडत येत नसे. लांब उतरून, थांबत थांबत, इकडेतिकडे टिपल्याचे दाखवत चालत येई. ऊन चढले की बसलेला पक्षी उठे आणि अंड्यांवर पंख पसरून उभा राही. अंड्यांवर सावली पडे, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर ऊन. दुपारी एकजण तळ्यावर जाई, चिखलापुढच्या पाण्यात पोटापर्यंत उतरे, खाली बसून पोटाची पिसे भिजवी आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसे. तो पहिल्यांदा आला तेव्हा मुरमावर पाण्याची रेघ उमटली होती. खोपटात आई तेच करीत होती. फडके भिजवायचे, कपाळावर ठेवायचे, तापले की पुन्हा भिजवायचे.

माणूस दिसले की ते ओरडत. कुत्र्याला पाहून जास्त ओरडत. घार वर आली की ओरडणे थांबे आणि पक्षी अंगभर दबून जमिनीसारखा होई. जनावरांचे मात्र वेगळे होते. आमची म्हैस चरत चरत काट्यांच्या कुंपणाजवळ गेली तेव्हा मला वाटले, आता अंडी संपली. टिटवी उठली नाही. तिने पंख उघडले, शेपटी पसरली, म्हशीच्या तोंडासमोर उभी राहिली आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटली. म्हैस बाजूने गेली. टिटवी पुन्हा बसली. आरोळी नाही, जोडीदार आला नाही, माळावर कोणी मान वळवली नाही.

तेव्हा मला पारध्यांची आठवण झाली. आमच्या शिवारात पारधी उतरत तेव्हा त्यांच्याबरोबर एक शिकवलेला बैल असे. ते बैलाच्या आडोशाने वाकून चालत आणि तित्तिरांच्या अगदी जवळ जात. पाखरांना फक्त बैल दिसे.

मी आईला सांगितले. आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा म्हशीकडे पाहिले. "म्हशीबरोबर जाऊ?" ती म्हणाली. "ऐकलं कुणी तर काय म्हनतील?"

"ऐकणार कोण?" मी म्हणालो. "टिटवी ओरडली तरच ऐकतील."

संध्याकाळी आम्ही करून पाहिले. मी म्हशीचे दावे धरून पुढे. म्हशीच्या तळ्याकडच्या अंगाला बायको, काळी घोंगडी पांघरून, एक हात म्हशीच्या पाठीवर टाकून वाकलेली. मागे आई शेणाची पाटी घेऊन. म्हैस जिथे थांबेल तिथे थांबायचे, अंड्यांकडे सरळ जायचे नाही, तिकडे बघायचे नाही. कुंपणाजवळून जाताना टिटवीने मान उंच केली. तिचा डोळा मला दिसला. तांबडी कड असलेला, न हलणारा. ती ओरडली नाही. गुरासोबतची माणसे तिला गुरांतलीच वाटत असावीत.

पाळीच्या आडोशाला पोचल्यावर बायको खाली बसली आणि म्हशीच्या पायाला डोके टेकून हसू लागली. लग्नानंतर मी तिला इतक्या मोठ्याने हसताना ऐकले नव्हते. आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. आई स्वतःही हसत होती.

पुढचे दोन आठवडे आमचे असे चालले. ताप एकाआड एक दिवस येत होता. दुपारी थंडी, मग ताप, मग घाम, मग दुसरा दिवस बरा. आई म्हणाली की हा हिवताप दिसतो. गाठीचा ताप असा सुट्टी देत नाही. तिचे म्हणणे बरोबर होते, पण ते पंचांना पटवायचे तर आधी ताप आहे हे कबूल करावे लागले असते. ताप म्हटल्यावर पुढचे ऐकून घेण्याइतका वेळ त्या माळावर कोणाकडे नव्हता. त्याच दोन आठवड्यांत आणखी तिघे ओढ्यापलीकडे गेले. धूर आणखी दोनदा निघाला.

पाडवा आला. काही खोपटांवर गुढ्या उभ्या राहिल्या, काहींवर नाही. पाडव्यानंतर एका दुपारी म्हशीने आम्हाला अडकवले. निम्म्या वाटेवर ती थांबली आणि हलेना. मग एकदम तळ्याच्या चिखलाकडे धावली. मी दाव्याबरोबर ओढला गेलो. माझी बायको उघड्या माळावर, काळ्या घोंगडीत, एकटी उभी राहिली. थंडी भरायला तेव्हाच सुरुवात झाली होती आणि ती उभ्या जागी थरथरत होती. टिटवी उडाली. जोडीदार आला. दोघे तिच्या डोक्यावर ओरडत राहिले, ती खाली बसली तरी ओरडत राहिले. मी मागे पाहिले तेव्हा प्रत्येक खोपटासमोर माणसे उभी होती.

आम्ही तिला आत आणले. त्या रात्री कोणी आमच्याकडे आले नाही. तंबाखू मागायलाही नाही. वडिलांनी एक गठुडे बांधले. त्यात तवा, थोडे पीठ आणि एक घोंगडी होती. "तिच्यासंगं मी जाईन वढ्यापल्याड," ते म्हणाले. "तुमी दोघं हितंच ऱ्हावा." आईने गठुडे सोडून सगळे जागेवर ठेवले. वडिलांनी पुन्हा बांधले.

सकाळी पाटील आला. बरोबर दोन पंच, बाप्पा आणि सुईण. लोक लांब उभे होते.

बाप्पा सवयीने आधी अंड्यांकडे गेले आणि ओरडले, "फुटली रं!"

अंडी फुटली होती, पण आतून. तीन पिल्ले बाहेर होती, चौथे कवचातून निघत होते. आधी निघालेल्यांची पिसे वाळून मऊ झाली होती आणि ती चालत होती. या पक्ष्याची पिल्ले घरट्यात राहत नाहीत. अंग वाळले की काही तासांत आईबापांमागे पाण्याकडे निघतात. नर आणि मादी वेड्यासारखी ओरडत होती. त्यांनी एकामागून एक झेपा घेतल्या. पाटलाच्या पागोट्याला पंख घासून गेला आणि पाटील दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकला. लोकांत कोणीतरी हसले. पाटलाने वळून पाहिले आणि हसणे थांबले.

"घरातली समदी बाहेर या," पाटील म्हणाला.

आम्ही बाहेर आलो. बायको शेवटी आली. पाण्याला निघाल्यासारखी नीट, सावकाश चालत आली आणि आईच्या बाजूला उभी राहिली. तो तापाचा दिवस नव्हता, पण तिचा चेहरा उतरलेला होता आणि ओठ फुटले होते. एका पंचाने विचारले, "काल दुपारी कापत व्हती ती हीच का?" उत्तराची वाट न पाहता पाटलाने सुइणीला खूण केली.

सुईण तिला खोपटामागे घेऊन गेली.

त्या वेळेत एक पिल्लू पाटलाच्या जोड्यापाशी येऊन दबले. वरून आईबापांचा इशारा आला असावा. ते मुरमात असे मिसळले की मी त्याला येताना पाहिले नसते तर ते मला दिसले नसते. पाटलाने पाय हलवला असता तर ते चिरडले असते. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर सगळ्यांनी खाली पाहिले असते, आणि मला वाटत होते की सगळ्यांनी खोपटामागून येणाऱ्या सुइणीकडेच पाहावे आणि हे लवकर संपावे. पाटलाने पाय हलवला नाही. वडील हातात गठुडे घेऊन उभे होते.

सुईण आली. लुगड्याच्या पदराला हात पुसत ती म्हणाली, "गाठ न्हाई."

"अन् ताप?"

"पोटुशी बाई हाय, पाटील. अंगात कडकी हाय."

"ताप हाय का न्हाई, तेवढं सांग."

"चैताच्या दिसांत या माळावर कुणाचं अंग थंड हाय?" ती म्हणाली. "आना बरं तुमचा हात, बघू." तिने हात पुढे केला. तोच हात नुकताच खोपटामागून आला होता. पाटील एक पाऊल मागे सरकला. पिल्लू उठून धावले.

"ऱ्हाऊ दे," पाटील म्हणाला. "चला."

ते गेले. टिटव्या पिल्लांना घेऊन उताराने तळ्याकडे निघाल्या. थोडे चालत, थोडे थांबत. दुपारपर्यंत कुंपणात कवचाचे तुकडेही राहिले नव्हते. मोठ्या पक्ष्यांनी ते उचलून लांब नेले होते.

मला वाटले, आता सुटलो. आत गेल्यावर बायको आईला म्हणाली, "सुईणबायनी डाव्या काखेत लई वेळ बोट धरलं. दाबलं. मला दुखलं."

आईने पाहिले. डाव्या काखेत चिंचोक्याएवढी गाठ होती. आदल्या रात्री आईने पाहिले होते तेव्हा ती नव्हती, निदान आईच्या हाताला लागली नव्हती.

सुइणीला ती लागली होती आणि तिने नाही म्हणून सांगितले होते. का सांगितले, यावर आम्ही त्या दिवशी दबक्या आवाजात बोललो. वडील म्हणाले, "गाठ हाय म्हणली असती तर तिलाच जावं लागलं असतं संगं. भिऊन बोलली." आई म्हणाली, "दया आली असंल." दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे पटले नाही. पण त्यापेक्षा मोठा प्रश्न समोर होता. ही ती गाठ असेल तर खोपटातले आम्ही चौघेही आता त्यातून सुटणार नव्हतो, आणि आमच्याकडून ते दुखणे शेजारच्या खोपटात जाणार होते. वडिलांनी ठरवले की दुसऱ्या दिवशी गाठ वाढली तर आपणच तिला घेऊन ओढा ओलांडायचा, कोणी सांगायची वाट पाहायची नाही. या वेळी आईने गठुडे सोडले नाही.

बाहेर टिटवी नव्हती. इतके दिवस आमच्या दाराशी येणारे प्रत्येक पाऊल ती आधी सांगत होती. आता कोणी आले तरी कळणार नव्हते. झाप हलला की आम्ही चौघे एकदम तिकडे पाहत होतो. बहुतेक वेळा वारा असे.

दुसऱ्या दिवशी गाठ वाढली. लाल झाली, तापली. बायकोला हात खाली घेता येईना. वडील उठले. आई म्हणाली, "थांबा, आजचा दिस थांबा." तिने जवसाचे पोटीस शिजवून बांधले. ताप आला, पण त्याच्या ठरलेल्या वेळी आला, थंडी वाजून आला आणि घाम येऊन उतरला. बायको शुद्धीवर होती. ती एकदा म्हणाली, "मला वढ्यापल्याड न्यायचं असंल तर दिसाउजेडी न्या. लोकांना बघू द्या कोण कोण नेतंय ते." वडील तोंड फिरवून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाठीला तोंड पडले आणि पू बाहेर आला. आईने दाबून सगळा काढला. मग ती पाठ भिंतीला टेकावी तशी कडब्याला टेकून बसली.

"काखमांजरी हाय," ती म्हणाली. "नुसती काखमांजरी."

उन्हात सतत घोंगडी पांघरल्याने घामाने उठली असावी. सुइणीने शेकडो बायांच्या काखा पाहिल्या होत्या. बोट धरल्याबरोबर तिला ते ओळखू आले असेल. किंवा आले नसेल.

हिवताप हळूहळू ओसरला. थंडीचे दिवस चुकू लागले, मग थांबले. बायकोचे केस गळाले, पण पोटातले मूल हलत होते. एका सकाळी ती आईला न सांगता घागर घेऊन बाहेर पडली. म्हैस नाही, घोंगडी नाही. मी मागून थोड्या अंतराने गेलो.

तळ्याच्या काठाला बाया पाणी भरत होत्या. चिखलात टिटव्यांची पिल्ले लांब पायांवर धावत होती, थांबत, टिपत, पुन्हा धावत. तिला पाहून बाया बोलायच्या थांबल्या. तिने पाण्यात पाय घातला तशा त्या एक-एक करून बाजूला झाल्या, कोणी हातभर, कोणी त्याहून जास्त. तिने घागर भरली, पण भरलेली घागर एकटीने डोक्यावर घेण्याइतकी ताकद तिच्या अंगात नव्हती. ती घागर कमरेपर्यंत उचलून उभी राहिली. ओटीपोटाला लागू नये म्हणून बाजूला धरली होती. मी पुढे गेलो असतो, पण बायांच्या पाणवठ्यावर मला जायचे नव्हते.

सुईण तिथेच होती. तिने आपली घागर खाली ठेवली, चिखलातून चालत आली आणि दोन्ही हातांनी ती घागर उचलून माझ्या बायकोच्या डोक्यावर ठेवली.

"चुंबळ नीट कर, पोरी," ती म्हणाली. "एका अंगाला गेली हाय."